योकोहामा: बंदराच्या काठाने एक सावकाश दिवस

जपानला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका, आणि सवड असेल तर हिरोशिमा. या यादीत योकोहामा नसतंच. बुलेट ट्रेनच्या खिडकीतून शिन-योकोहामा स्थानकाचा फलक झर्रकन मागे जातो, तेवढीच काय ती ओळख. लोकसंख्या ३७ लाखांच्या वर, म्हणजे तोक्योखालोखाल जपानमधलं सर्वांत मोठं शहर. तोक्यो स्थानकापासून लोकलने जेमतेम अर्धा तास. तरीही पाहुणे इथे उतरत नाहीत, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. कारण जपानच्या सहलीत एखादा दिवस मोकळा, फक्त आपला स्वतःचा मिळणार असेल, तर तो या शहराला द्यावा असं माझं ठाम मत आहे.

योकोहामाच्या बंदरकाठी हजार वर्षांची देवळं नाहीत, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे धावायची घाई नाही. १८५९ मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. त्याआधी इथे शंभरेक घरांचं कोळ्यांचं गाव होतं. नंतर जे काही घडलं ते समुद्रावाटे आलं आणि किनाऱ्यालाच लागून राहिलं. म्हणून चार-पाच किलोमीटरच्या काठाने रमतगमत चाललं की शहराचा सगळा इतिहास ओळीने भेटतो. त्यातला काही इतिहास मुंबईचाही आहे. ही दोन बंदरं १९६५ पासून भगिनी शहरं आहेत, आणि त्यांचं नातं त्या कराराहून बरंच जुनं आहे.

एकट्यानेच का, असं कोणी विचारेल. इथल्या पाहण्यासारख्या गोष्टी आकाराने लहान आहेत. एक झाड, एक पाणपोई, फरसबंदीत राहिलेले रूळ. चारचौघांबरोबर असलं की पुढचा पाय उचलतोच. एकटा माणूस पाटी वाचत उभा राहतो, बाकावर बसतो, पुन्हा मागे जाऊन बघतो. शिवाय एकट्याने फिरणं, एकट्याने जेवणं जपानमध्ये अगदी सरावाचं आहे. ठिकठिकाणी काउंटरला समांतर अशी एकेकट्यांची बसायची सोय असते. ‘किती जण?’ या प्रश्नाला एक बोट दाखवलं की कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. स्थानकात नाण्यांवर किंवा कार्डावर चालणारे लॉकर असतात, त्यात पाठीवरचं ओझं ठेवून द्यावं. स्वच्छतागृहं स्थानकांत, बागांत, मॉलमध्ये सगळीकडे आहेत आणि स्वच्छ आहेत. कचऱ्याचे डबे मात्र रस्त्यावर क्वचितच दिसतात, तेव्हा एक रिकामी पिशवी जवळ असू द्यावी.

सुरुवात साकुरागिचो स्थानकापासून करावी. जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये तोक्योतल्या शिंबाशीहून निघाली ती इथपर्यंत. त्या वेळचं योकोहामा स्थानक म्हणजे आजचं साकुरागिचो. बाहेर पडलं की समोर मिनातो मिराई हा नवा भाग: २९६ मीटर उंचीचा लँडमार्क टॉवर, मोठ्या घड्याळाचा आकाशपाळणा, २०२१ मध्ये सुरू झालेला रोपवे. १९९३ मध्ये बांधलेला हा मनोरा पुढे वीसेक वर्षं जपानमधली सर्वांत उंच इमारत होता. पण मला वर बघण्यापेक्षा इथे खाली बघायला आवडतं. ही सगळी जागा पूर्वी योकोहामा डॉक कंपनीची गोदी होती. दगडी बांधणीच्या जुन्या सुक्या गोद्या त्यांनी बुजवल्या नाहीत. एका गोदीत आता खुली बैठक आणि खाण्याची दुकानं आहेत, दुसरीत १९३० चं ‘निप्पॉन मारू’ हे पांढरंशुभ्र शिडाचं प्रशिक्षण जहाज पाण्यावर उभं आहे. याच गोदीत बांधलेलं एक जहाज पुढे वाटेत भेटणार आहे.

निप्पॉन मारूच्या बाजूने किशामिची हा पायरस्ता सुरू होतो. पूर्वी बंदराकडे मालगाड्या नेणारा हा लोहमार्ग. १९९७ मध्ये तो पादचाऱ्यांसाठी खुला केला, तेव्हा रूळ उखडले नाहीत, लाकडी फळ्यांच्या मधोमध तसेच ठेवले. दोन्ही बाजूंना पाणी. सकाळी इथे धावणारी मंडळी, कुत्री फिरवणारे आजी-आजोबा आणि कामावर निघालेले लोक असतात. रुळांच्या मागोमाग चालत गेलं की लाल विटांच्या दोन लांबलचक गोदामांशी आपण पोचतो. १९११ आणि १९१३ मध्ये पूर्ण झालेली ही जकात खात्याची गोदामं. २००२ पासून त्यांत दुकानं आणि खानावळी आहेत. आतल्या दुकानांसाठी मी थांबणार नाही. बाहेरून मात्र एक फेरी मारावी. एका गोदामाची लांबी दुसऱ्याच्या निम्म्यावर आली आहे, आणि याचं कारण १९२३ चा भूकंप.

या भूकंपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय योकोहामा कळत नाही. १ सप्टेंबर १९२३, दुपारी बाराला दोन मिनिटं कमी. घराघरांत जेवणासाठी चुली पेटलेल्या. कांतो प्रदेशात धरणी हादरली, लाकडी घरं पडली आणि पडलेल्या घरांना आग लागली. मृतांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. तोक्योचं नाव मोठं म्हणून तिथल्या आगीचं वर्णन जास्त वाचायला मिळतं, पण भूकंपाचं केंद्र योकोहामाला जास्त जवळ होतं आणि हे शहर जवळजवळ पुसलं गेलं. आज काठाने जे दिसतं ते बहुतेक त्या दिवसानंतरचं. जे आधीचं आहे त्याच्यावर त्या दिवसाची खूण आहे.

अशी एक खूण योकोहामाच्या इतिहास अभिलेखागाराच्या अंगणात उभी आहे. जुन्या ब्रिटिश वकिलातीच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. अमेरिकेच्या कमोडोर पेरीच्या काळ्या जहाजांनी जपानला दरवाजे उघडायला लावले आणि ३१ मार्च १८५४ रोजी इथल्याच परिसरात तह झाला. अंगणात तामाकुसू जातीचं एक झाड आहे. तहाच्या वेळच्या चित्रात दिसणारं झाड तेच, असं मानतात. १९२३ च्या आगीत ते जळून गेलं. मग मुळापासून पुन्हा फुटलं आणि आता त्याची भरगच्च सावली पडते. तिथे बसायला जागा आहे. मी तरी आतल्या दालनांपेक्षा या झाडाखाली जास्त वेळ काढला, आणि तसाच तो काढावा असं सांगेन.

या भागात मनोरे असलेल्या तीन इमारती आहेत. प्रांताचं मुख्यालय म्हणजे ‘राजा’, जकात कचेरी म्हणजे ‘राणी’ आणि बंदराच्या स्मरणार्थ उभारलेलं सभागृह म्हणजे ‘गुलाम’. पत्त्यांतली ही टोपणनावं जुन्या खलाशांनी ठेवली असं म्हणतात. ठरावीक तीन ठिकाणांहून तिन्ही मनोरे एकाच दिवशी पाहिले तर इच्छा पूर्ण होते, अशी इथे समजूत आहे. त्यातलं एक ठिकाण ओसानबाशी धक्क्यावर आहे, तेव्हा पाय तिकडेच वळवावेत.

ओसानबाशी म्हणजे मोठमोठी प्रवासी जहाजं लागतात तो धक्का. २००२ मध्ये तो नव्या रूपात उभा राहिला. लंडनच्या दोन वास्तुरचनाकारांनी त्याचा आराखडा केला होता. इमारतीचं छप्पर हीच फिरायची जागा. लाकडी फळ्यांचा तो पृष्ठभाग कुठे उंचावतो, कुठे खचतो, आणि टोकापर्यंत कुठेही पायरी लागत नाही. स्थानिक लोक त्याला देवमाशाची पाठ म्हणतात. इथे तिकीट नाही आणि दिवसरात्र कधीही येता येतं. म्हातारी माणसं, बाळगाड्या ढकलणाऱ्या आया, चाकाच्या खुर्चीतले लोक, सगळे सारख्याच सहजतेने टोकाशी पोचतात. सार्वजनिक पैशाने बांधलेली इतकी उदार जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्या भाऊच्या धक्क्यावर किंवा गेटवेवर समुद्राशी अशी निवांत गाठ पडू शकली असती, हा विचार इथे आल्याशिवाय राहत नाही.

धक्का उतरून समुद्र डावीकडे ठेवत चाललं की यामाशिता बाग लागते. १९३० मध्ये ही बाग खुली झाली. तिच्या गवताखाली भूकंपात पडलेल्या शहराचा मलबा आहे. तो समुद्रात टाकून त्यावर ही जमीन तयार केली. बागेच्या धक्क्याकडच्या बाजूला एक छोटी, घुमटाची, खांबांवर उभी असलेली वास्तू आहे. बरेच पर्यटक तिला वळसा घालून गुलाबांच्या ताटव्यांकडे जातात. आपण मात्र आत शिरायचं आणि मान वर करायची. घुमटाच्या आतल्या बाजूला रंगीत तुकड्यांची नक्षी आहे, आणि तिच्यात आपल्याकडच्या देवळांची व मशिदींची वळणं एकत्र आली आहेत. मध्ये पाणी पिण्याची सोय.

ही योकोहामातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी बांधलेली पाणपोई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे हिंदी, त्यातही सिंधी, रेशीम व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. भूकंपात त्यांच्यातलेही अनेक दगावले. वाचलेल्यांपैकी पुष्कळजण कोबे शहरात गेले. रेशमाचा व्यापार इथून उठू नये म्हणून योकोहामाच्या लोकांनी त्यांना परत बोलावलं, राहायला घरं उभारून दिली. त्या मदतीची आठवण म्हणून आणि भूकंपात गेलेल्या आपल्या माणसांच्या स्मरणार्थ त्यांनी १९३० च्या दशकात ही पाणपोई शहराला दिली. स्मारक म्हणून पुतळा न उभारता तहानेल्याला पाणी द्यायचं, हे त्या व्यापाऱ्यांना सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं. पाणपोई घालणं हे पुण्याचं काम ही आपल्या मातीतली समजूत ते सोबत घेऊन आले होते. दरवर्षी १ सप्टेंबरला इथे स्मरणाचा कार्यक्रम होतो. शरद ऋतूत याच बागेत योकोहामातल्या भारतीयांची दिवाळीही साजरी होते. शहराच्या मिदोरी विभागात भारतीय शाळा आहे, त्यामुळे तिकडे भारतीय कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांत मराठी घरंही आहेत.

बागेच्या पुढच्या टोकाला साखळदंडांनी बांधलेलं काळंपांढरं जहाज उभं असतं, तेच ‘हिकावा मारू’. सकाळी पाहिलेल्या गोदीत ते तयार झालं आणि १९३० मध्ये योकोहामा ते सिअ‍ॅटल या मार्गावर निघालं. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन यातून परतला. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांचं १९३८ मध्ये मायदेशी येताना याच जहाजावर निधन झालं. युद्धात ते रुग्णालय-जहाज झालं, युद्धानंतर परदेशात अडकलेल्या जपानी सैनिकांना व नागरिकांना घेऊन आलं, मग पुन्हा प्रवासी नेऊ लागलं. १९६१ पासून ते इथेच आहे. थोडक्या पैशांत आत जाता येतं. पहिल्या वर्गाचं भोजनगृह, कोरीव जिना, काचेची नक्षी हे सगळं बघावंच. पण तिसऱ्या वर्गाच्या अरुंद, दुमजली बिछान्यांची खोली आणि खाली खोलवर असलेली इंजिनं बघितल्याशिवाय वर येऊ नये. समुद्रप्रवास बहुतेकांच्या वाट्याला कसा आला असेल ते तिथे कळतं.

हिकावा मारू निप्पॉन युसेन कैशा या कंपनीचं. मुंबईच्या माणसाने या नावापाशी जरा थांबावं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला आले होते. मुंबईहून जपानला कापूस नेण्याचा मार्ग तेव्हा पी अँड ओ आणि तिच्या साथीदार कंपन्यांच्या मुठीत होता आणि मालवाहतुकीचे दर त्या ठरवतील ते. टाटांनी ही मक्तेदारी मोडायला निप्पॉन युसेनला तयार केलं. शिबुसावा एइइची या उद्योगपतींचं त्याला पाठबळ मिळालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘हिरोशिमा मारू’ कोबेहून मुंबईला निघाली. जपानी कंपनीचा हा पहिला दूरपल्ल्याचा समुद्रमार्ग. पी अँड ओने दर पाडून कडवी झुंज दिली, पण मार्ग टिकला. शिबुसावांचं चित्र २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर आहे, म्हणजे ते बहुधा आपल्या खिशातच असतात. १८९३ च्याच उन्हाळ्यात मुंबईहून निघालेले स्वामी विवेकानंदही योकोहामात आले होते. १४ जुलै १८९३ रोजी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या जहाजाने ते इथून अमेरिकेच्या दिशेने निघाले. टाटाही त्याच जहाजावर होते.

आता भूक लागलेली असते. बागेपासून चायनाटाऊन पाच-सात मिनिटांवर. रंगीत वेशी, वाफाळलेल्या बांबूच्या पेट्या, आणि मधोमध क्वान यू या चिनी देवाचं झगझगीत देऊळ. जपानमधली ही सर्वांत मोठी चिनी वस्ती. मांसाहारी माणसाची इथे चंगळ होते. योकोहामाचा खास पदार्थ म्हणजे कीयोकेन कंपनीचे शूमाई. १९२८ पासून स्थानकावर विकले जाणारे हे डुकराच्या मांसाचे आणि शिंपल्यांचे मोदक थंडही चांगले लागावेत असेच केलेले असतात, त्यामुळे त्यांचा डबा घेऊन बागेत बसावं. शाकाहारी वाचकांना मात्र स्पष्ट सांगते: भाज्यांचा म्हणून दिलेल्या पदार्थातही मासळीचं किंवा मांसाचं पाणी असतं, आणि गोड सारणाच्या वाफवलेल्या पावातही डुकराची चरबी असू शकते. अशा वेळी आसपासचं एखादं भारतीय उपाहारगृह गाठावं, नाहीतर सकाळीच फळं आणि जवळचा खाऊ पिशवीत टाकावा. आपल्याला काय चालत नाही ते जपानीत लिहून घेतलेला कागद फार उपयोगी पडतो. तो दाखवला की दुकानदार मनापासून वाचतात आणि जमत नसेल तर तसं सांगतात.

जेवणानंतर टेकडीवरच्या यामाते भागात जुन्या पाश्चात्त्य घरांची रांग आहे. ज्यांना वास्तुकलेची आवड आहे त्यांनी त्यातलं एरिसमन यांचं घर जरूर बघावं. १९२६ चं हे घर अँटोनिन रेमंड यांचं. पुढे पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमातली ‘गोलकोंड’ ही सुंदर इमारत त्यांनीच केली. बाकीच्यांनी टेकडी सोडून सरळ बस पकडावी, कारण दुपार सांकेइएन बागेसाठी राखायची आहे. ती पाचला बंद होते आणि शेवटचा प्रवेश त्याआधी अर्धा तास.

हारा तोमितारो हे रेशमाचे मोठे व्यापारी. कलेच्या जगात त्यांचं नाव हारा सांकेई. त्यांनी समुद्रालगतच्या आपल्या जमिनीत ही बाग फुलवली आणि १९०६ मध्ये तिचा बाहेरचा भाग लोकांसाठी खुला केला. जपानभरातून मोडकळीला आलेल्या जुन्या वास्तू त्यांनी विकत घेतल्या, सुट्या करून इथे आणल्या आणि पुन्हा उभारल्या. तळ्यापलीकडे टेकडीवर दिसणारा तीनमजली पॅगोडा १४५७ चा, क्योतोजवळच्या एका देवळातला. तो १९१४ मध्ये इथे आला. आतल्या बागेत तोकुगावा घराण्याचा सतराव्या शतकातला वाडा आहे. बागेत अशा १७ वास्तू आहेत. गर्दी नसते. मला त्यांतलं सर्वांत प्रिय आहे ते हिदाच्या डोंगराळ मुलखातलं गवती छपराचं प्रचंड घर. धरणाखाली बुडणार म्हणून ते इथे आणलं. आत जमिनीतल्या चुलीत रोज लाकडं पेटवतात. धुरामुळे गवताला कीड लागत नाही, म्हणून ही काळजी. काळवंडलेल्या तुळयांखाली त्या धुराचा वास घेत बसलं की कोकणातल्या जुन्या माजघराची आठवण होते.

याच बागेत १९१६ च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ ठाकूर राहिले होते. तोक्योत त्यांनी आंधळ्या राष्ट्रवादावर टीका करणारं भाषण केलं आणि सुरुवातीला डोक्यावर घेणाऱ्या जपानी वृत्तपत्रांचा सूर बदलला. हारांनी मात्र आपल्या पाहुण्याला अंतर दिलं नाही. ‘स्ट्रे बर्ड्स’ हे पुस्तक ठाकुरांनी हारांनाच अर्पण केलं आहे. हारांच्या संग्रहातलं शिमोमुरा कांझान यांचं एक पडद्यावरचं चित्र ठाकुरांना इतकं आवडलं की त्याची प्रतिकृती हवी म्हणून त्यांनी आग्रह धरला. ती करायला बसला आराई कांपो हा चित्रकार. काम बघून ठाकुरांनी त्याला कलकत्त्याला जपानी चित्रकला शिकवायला बोलावलं. तिथून आराई अजिंठ्याला गेला. १९१७-१८ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवण्यात आल्या. १९२३ च्या भूकंपाच्या आगीत त्या जळाल्या. औरंगाबादहून अजिंठ्याला आपण किती सहज जातो. त्या लेण्यांचा एक धागा योकोहामातल्या एका रेशीमवाल्याच्या बागेत गुंतलेला आहे, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायला हवं.

ठाकूर ज्या घरात राहत ते शोफुकाकूही त्याच भूकंपात पडलं. आज त्या जागी टेकडीवर एक सज्जा आहे. तिथून पूर्वी समुद्र दिसे, आता भरणी घातलेल्या जमिनीवरचे कारखाने दिसतात. भूकंपानंतर हारांनी चित्रं आणि वास्तू जमवणं थांबवलं आणि शहराच्या पुनर्बांधणीच्या कामात स्वतःला झोकून दिलं. श्रीमंताची मोठी बाग म्हणून सांकेइएन बघून परतणं पुरेसं नाही असं मला वाटतं ते यामुळे.

संध्याकाळी बसने परत साकुरागिचोला यावं. पायांत ताकद असेल तर पुन्हा ओसानबाशीवर जाऊन दिवे बघावेत. नसेल तर स्थानकामागच्या नोगे भागात शिरावं. अरुंद गल्ल्या, आठ-दहा खुर्च्यांची खानपानाची दुकानं, कोळशावर भाजल्या जाणाऱ्या कोंबडीचा वास. एकट्या बाईने इथे यावं का, असं मैत्रिणी विचारतात. मी निःशंकपणे हो म्हणते. दाराबाहेर दरपत्रक लावलेलं दुकान निवडावं, आणि रस्त्यात आग्रह करून आत बोलावणाऱ्याच्या मागे जाऊ नये, एवढं पाळलं की झालं.

निघायचा दिवस ठरवताना सोमवार टाळावा, कारण हिकावा मारू आणि अभिलेखागार सोमवारी सहसा बंद असतात. हवा सर्वांत चांगली ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. तेव्हा सांकेइएनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन असतं, आणि नोव्हेंबर संपता संपता तिथले मेपल लाल होतात. तोक्योकडे जाणाऱ्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. साकुरागिचोहून थेट तोक्यो स्थानकाला जाणारी निळ्या पट्ट्याची लोकल सोपी. बदली करावी लागत नाही, आणि रात्री बसायला जागाही मिळते.